बांधाकडच्या तीन ओळी

कैचीकाकू आणि त्यांचे दीर एकमेकांशी बोलत नसत. निदान दोघांचंही म्हणणं तसं होतं. प्रत्यक्षात त्यांच्याइतका रोजचा, नेमाचा संवाद आमच्या माळावर दुसऱ्या कुणात नव्हता. फक्त तो बकरीमार्फत चाले.

"ए बये, इकडे ये," काकू म्हणायच्या. "तिकडचा पाला खाऊ नकोस. तिकडची माणसं कडू, पाला कुठून गोड असणार."

बकरी समजूतदार होती. हे आपल्यासाठी नाही, हे तिला कळायचं. ती तोंड न उचलता चरत राहायची. ज्यांच्यासाठी होतं ते दीर बांधापलीकडे एका दगडावर काळी छत्री उघडून बसलेले असायचे. त्यांच्याकडे बकरी नव्हती तेव्हाची ही सवय, की ते आपल्या बायकोला उद्देशून उत्तर देत, मग ती तिथे असो वा नसो.

"अगं, ऐकलंस का? कुठेतरी पत्रा वाजतोय."

बायको बहुतेक वेळा घरी भांडी घासत असे. तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटी बोलायची कमी. घरात एक अखंड बोलणारा आणि बांधापलीकडे दुसरी, या दोघांच्या मधे तिच्या बोलण्याला जागाच उरली नव्हती.

काकूंना कैची हे नाव कुणी ठेवलं ते सांगता यायचं नाही, पण ज्याने ठेवलं त्याने त्यांना जवळून ऐकलं होतं. जिभेला धार, आणि उघडमीट सारखी चालू. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर कापून त्याच्या हातात द्यायच्या. नवरा गेल्यावर त्यांच्याकडे उरल्या दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर आणि पावसाच्या लहरीवर चालणारी एक अरुंद पट्टी. पुढच्या खोलीत खाट, पाण्याचं पिंप आणि आढ्याला टांगलेल्या जाळीच्या पिशवीत पुढच्या पेरणीच्या शेंगा. उंदरांनी वर बघून नुसती लाळ गाळावी म्हणून त्या तिथे. मागच्या खोलीत चूल, आणि चुलीच्या वर खिडकी. खिडकीतून सरळ बांध दिसायचा. काकू स्वयंपाक करत, पण डोळा खिडकीत. त्यामुळे त्यांच्या हातच्या प्रत्येक पदार्थाची एक बाजू कायम करपलेली असे, आणि नेमकी बांधाच्या दिशेची.

बांधाची गोष्ट जुनी. वाटणीच्या दिवशी मापाच्या दोरीचं एक टोक काकूंच्या नवऱ्याने धरलं होतं, दुसरं दिराने. दिराने आपलं टोक हळूच अलीकडे सरकवलं, असं काकू म्हणत. भावाला सरळ उभं राहता आलं नाही म्हणून दोरी तिरकी गेली, असं दीर म्हणत. काहीही असो, तेव्हापासून बांध तिरका आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं त्याहून तिरकी.

पण भांडण असलं तरी दिरांचा काकूंवर एका बाबतीत पुरा भरवसा होता. काकू शेतात जे करतील ते दीर करत. काकूंनी पसऱ्या भुईमूग सोडून उभ्या झाडाचा उपट्या पेरला, दिरांनी पेरला. काकूंनी बकरी घेतली, दिरांनी दोन घेतल्या. आणि मग चहाच्या टपरीवर बसून सांगत, "माझं आधीच ठरलं होतं. बायका काय, बघून करतात." हे बघणं चालायचं दगडावरून, छत्रीआडून. कुणी विचारलं तर म्हणत, मी माझ्या बांधावर लक्ष ठेवतोय. जणू बांध रात्रीतून उठून परगावी जाणार होता.

एकदा काकूंनी पेरणीच्या आधी शेंगा चांगल्या वाळाव्यात म्हणून पत्र्यावर पसरल्या. ऊन असं की पत्र्यावर हात ठेवला तर कातडी सोलावी. शेंगा वाळल्या नाहीत, भाजल्या. दिरांनी दगडावरून ते पाहिलं आणि घाईघाईने आपल्याही शेंगा पत्र्यावर टाकल्या. त्या साली दोन्ही शेतांना टक्कल पडलं. काकूंना दुःख झालं, पण त्या दुःखात एक शोधही लागला. दीर आपली अक्कल तर उचलतातच, चूकही उचलतात. हा शोध त्यांनी जपून ठेवला, आढ्याच्या पिशवीसारखा.

मग मुलगा आला. तो शहरात बॅटऱ्यांच्या दुकानात कामाला होता आणि हल्ली त्याचंही बोलणं बॅटरीसारखं झालं होतं, थोडं आणि झटका देणारं.

"आई, आता पुरे. अर्ध्या शेंगा पोचट निघतात. काका जमीन कसायला तयार आहेत. तू आमच्याकडे चल."

"काका तयारच असतात. मी शिंकले तरी ते जमीन मोजायला उठतात."

"मग काय करू? तू इथे एकटी. रात्री मला झोप लागत नाही."

"तुला झोप लागत नाही ती बायकोच्या शिवणयंत्राने."

हेही खरं होतं. काकू एकदा आठ दिवस तिथे राहून आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. लोखंडी खाटेखाली दुकानाची खोकी, खिडकीशी सुनेचं शिवणयंत्र, आणि खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत इतकी जवळ की त्यांच्या मोरीतल्या साबणाचं नाव वाचता यावं. सून वाईट नव्हती. हाच तर त्रास होता. काकू टोचून बोलल्या की ती यंत्राचं चाक फिरवायची आणि म्हणायची, "हो का आई." शेजारची माणसं दार उघडत, मान हलवत, दार लावत. आठ दिवसांत काकूंशी कुणी भांडलं नाही. परत आल्या तेव्हा आवाज बसल्यासारखा झाला होता. बांधावर येऊन बकरीला दोन खरमरीत वाक्यं ऐकवली तेव्हा कुठे घसा सुटला.

"हे वर्ष शेवटचं," मुलगा म्हणाला. "शेत दाखवण्यासारखं झालं तर राहा. नाही झालं तर काढणीच्या दिवशी टेम्पो घेऊन येतो."

म्हणजे काकूंची खोली, खिडकी, बकरी आणि शत्रू, सगळं त्या एका पिकावर आलं.

त्याच महिन्यात शेती केंद्रातून एक बाई स्कूटरवर येऊ लागली. तरुण, डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेट काढलं तरी चेहऱ्यावरचा ठामपणा तसाच. तिला माळाने शेतीताई केलं. शाळेच्या ओसरीवर तिने भुईमुगाचं एक रोप मुळासकट आणून सगळ्यांपुढे धरलं. फुलाखालून एक बारीक दोरा निघून जमिनीकडे गेलेला.

"हिला आरी म्हणतात. फूल वर येतं, ही खाली जाते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. तुमच्या अर्ध्या आऱ्या मातीपर्यंत पोचतच नाहीत. वरच्या वर वाळतात."

"आमच्याकडे कोणतीच गोष्ट जमिनीपर्यंत पोचत नाही," काकू म्हणाल्या. "पाऊससुद्धा."

"काकू, टोमणा नंतर मारा. आधी ऐका."

काकूंना कुणी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी शेतीताईकडे नीट पाहिलं. आवडलीच त्यांना.

तिने सांगितलेलं फार अवघड नव्हतं. बियाण्याच्या शेंगा पेरणीच्या तोंडावर हाताने फोडा, दाण्याची लाल साल सोलता कामा नये. सुरकुतलेले दाणे बाजूला. ओळीत पेरा. फुलं लागली की झाडाच्या बुडाशी जिप्सम टाका, नाहीतर शेंग बाहेरून थोराड आणि आतून पोकळ. आऱ्या सुटल्या की रिकामं पिंप ओळीवरून हलकेच फिरवा, म्हणजे फांद्या वाकतात आणि उंचावरच्या आऱ्या मातीला टेकतात.

"आणि खुरपणी?"

"जी काय करायची ती आऱ्या सुटायच्या आत. एकदा आरी मातीत गेली की खुरपं घरात टांगा. नंतर खणलंत तर ती तुटली. बाळाची नाळ पोटातच कापल्यासारखं. तण दिसलं तर हाताने उपटा."

शेवटी तिने सांगितलं की केंद्राला या माळावर बियाण्यासाठी एक शेत हवंय. एकच. काढणीला ती येऊन पारख करेल, आणि जे शेत पास होईल त्याचं बी पुढची काही वर्षं केंद्र घेईल. काकूंनी तिथल्या तिथे नाव दिलं. दीर शिकायला आले नव्हते, कारण ओसरीवर काकू बसल्या होत्या. "तिच्या शेजारी बसून मी शिकू?" पण संध्याकाळी जाऊन नाव मात्र देऊन आले. मग बाकी कुणी नाव दिलं नाही. या दोघांच्या मधे पडण्याची कुणाची हौस नव्हती.

पाऊस बेताचा पण वेळेवर झाला. काकूंनी चुलीशी बसून एकेक शेंग हाताने फोडली. दिरांनी खिडकीतून दिसेल तेवढं पाहिलं आणि आपल्या घरी धाकटीला फोडायला बसवलं. काकूंनी ओळीत पेरलं, दिरांनी ओळीत पेरलं. काकूंनी पांढरी भुकटी टाकली, तर दीर दुकानात जाऊन "ते पांढरं द्या" म्हणाले. दुकानदाराने विचारलं, चुना की मीठ? मग दुकानातल्या कुणीतरी जिप्समचं नाव सांगितलं. काकूंनी पाण्याचं पिंप रिकामं करून ओळींवरून फिरवलं. माळावर हसू झालं, म्हातारी पिकाला इस्त्री करतेय म्हणून. दीर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतात पिंप फिरत होतं, धाकटीच्या हातून.

आता काकूंची झोप गेली. दिराची जमीन मुळात चांगली. तेच बी, तेच पांढरं, तेच पिंप. काढणीला त्यांचं शेत पुढे जाणार हे उघड होतं. आपण शिकून यायचं, आपण पिंप ओढायचं, आणि पास व्हायचं छत्रीने. त्या दिवसांत काकूंचा स्वयंपाक दोन्ही बाजूंनी करपू लागला.

तेव्हा त्यांना तो भाजलेल्या शेंगांचा शोध आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खुरपं घेऊन बांधाकडच्या ओळींत उतरल्या. आऱ्या मातीत जाऊन शेंगा धरू लागल्या होत्या. दीर दगडावर होतेच.

"ए बये," काकू म्हणाल्या. आवाज बकरीच्या गरजेपेक्षा बराच मोठा. "आता शेवटचं खणायचं. चांगलं खोल. शेतीताईने मला एकटीला सांगितलंय. मुळं मोकळी झाली की शेंग अशी फुगते की टरफलात मावत नाही. तू कुणाला सांगू नकोस."

बकरीने कान हलवला.

काकू खणू लागल्या. पहिल्या घावाला हाताला कळलं. आरी तुटते तेव्हा आवाज होत नाही, नुसता एक बारीक हिसका खुरप्यातून मनगटात येतो. घाव घातला की दहा हिसके. काकूंनी त्या शेंगांसाठी दाणे वेचले होते, पिंप ओढून खांदा सुजवून घेतला होता. दात आवळून त्यांनी एक ओळ केली, मग दुसरी. तिसरीच्या शेवटी छत्री मिटल्याचा आवाज आला. दीर घाईघाईने घराकडे निघाले होते.

काकू ताठ उभ्या राहिल्या, कंबर धरली, आणि खूप दिवसांनी बकरीसाठी म्हणून बकरीशी बोलल्या. "गेले बघ."

आता खिडकीत बसून दिरांना वाकून खणताना पाहायचं, असा त्यांचा बेत होता. चहाचं आधण ठेवलं आणि त्या खिडकीशी गेल्या. शेतात खुरपं चालत होतं. पण वाकलेली धाकटी होती. दीर मागे छत्री धरून उभे होते, ती स्वतःवर. धाकटी एक ओळ संपवायची, डोक्यावरच्या फडक्याने मान पुसायची आणि दुसरीला लागायची. एकदा तिने हात थांबवला, मुठीत काही उचललं, दिरांना दाखवलं. दिरांनी मान झटकली. ती परत वाकली.

हे काकूंच्या बेतात नव्हतं. दीर आणि खुरपं यांची कधी भेट झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं, तरी बेत करताना त्यांच्या मनात खुरपं दिराच्याच हातात होतं. एक हाक मारली असती तर पुरे होतं. हाक मारायला बकरीसुद्धा लागली नसती. पण मग दिराचं उरलेलं शेत वाचलं असतं, आणि टेम्पो त्यांच्या दारात आला असता. काकूंनी खिडकी लावून घेतली. त्या दिवशी, आणि पुढे धाकटीचं खणणं चालू होतं तेवढे दिवस, त्यांचा स्वयंपाक करपला नाही.

काढणीच्या दिवशी शेतीताई आली. मुलगाही आला, टेम्पो घेऊन. टेम्पो रस्त्यावर उभा, मागचं फळकूट आधीच खाली पाडलेलं. ते पाहून काकूंनी मुलाला पाणीही विचारलं नाही. पाच-पंचवीस माणसं जमली, कारण माळावर फुकटची करमणूक कमी.

शेतीताईने एक काठी, दोरीचा चौकोन आणि वजनकाटा काढला. "मी पाठ फिरवून काठी टाकणार. पडेल तिथे चौकोन मांडायचा, त्यातली झाडं उपटायची, शेंगा तोडून वजन करायचं. मला कुणी चांगली जागा दाखवायची नाही."

आधी दिरांचं शेत. काठी मधोमध पडली. झाडं हिरवीगार, वरून बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं अशी. उपटली तेव्हा खाली चार-दोन शेंगा आणि बाकी काळे पडलेले दोरे लोंबत होते. शेतीताई खाली बसली. एक दोरा बोटावर घेऊन पाहू लागली.

"आऱ्या सुटल्यावर हे शेत कुणी खणलं?"

"कुणी नाही," दीर म्हणाले. "उंदीर असतील."

"उंदीर खुरपं घेऊन येतात?"

लोक हसले. दीर हसण्यात सामील झाले, पण त्यांची नजर बांधापलीकडच्या तीन ओळींवर जाऊन काकूंवर आली आणि तिथेच खिळली. त्यांना कळलं होतं. काकूंनाही कळलं की त्यांना कळलंय. पण दीर बोलणार काय? मला फसवलं म्हणायचं, तर मी हिचं बघून करतो हे आधी म्हणावं लागणार.

"चला, पुढचं शेत," शेतीताई म्हणाली.

काकूंची पट्टी अरुंद. तिने पाठ फिरवली, खांद्यावरून काठी फेकली. काठी हवेत तिरकी गेली, बांधापलीकडे दिराच्या बसायच्या दगडावर आदळली, टणकन उडाली आणि परत अलीकडे येऊन पडली. बांधाकडच्या दुसऱ्या ओळीत.

कुणीतरी चौकोन मांडला. झाडं उपटली. खाली काळे दोरे.

"काकू," शेतीताई हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

दिरांच्या चेहऱ्यावर हळूहळू पहाट झाली. मुलाने मान खाली घातली आणि टेम्पोवाल्याला हाताने थांब अशी खूण केली. म्हणजे निघायचंच आहे, जरा थांब.

काकूंनी त्या फळकुटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या तीन ओळी मी मुद्दाम बिघडवल्यात."

"कशासाठी?"

"बकरीसाठी."

"काकू."

"बरं. यांच्यासाठी. हे माझं बघून करतात. म्हटलं, बघताय तर बघा. बाकीच्या शेताला आऱ्या सुटल्यावर खुरपं लागलेलं नाही. हवं तिथे उपटून बघ."

"मी?" दीर म्हणाले. "मी कशाला कुणाचं बघू? मी माझ्या बांधावर माझ्या छत्रीत बसतो."

शेतीताईने कपाळावरचा घाम पुसला. "काठी पडली तिथलंच मोजायचं, हा नियम. पीक मुद्दाम बिघडवताना कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर काठी परत टाकता येते. नुसत्या तुमच्या सांगण्यावर नाही. नाहीतर उद्या ज्याच्या त्याच्या वाईट ओळी मुद्दामच्या निघतील. कुणी पाहिलंय?"

सगळी डोकी त्या दगडाकडे वळली.

"मी काही पाहिलं नाही," दीर म्हणाले. "मला लांबचं दिसत नाही."

"मग दिवसभर तिथे बसून काय करता?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"विचार."

हशा झाला, पण हशाने काठी परत टाकता येत नव्हती. काकू दिराकडे पाहत होत्या. आता विनवणी करावी लागणार होती, त्यांच्याशी, सरळ, बकरीशिवाय. तोंड उघडलं. नजर मात्र बकरीला शोधू लागली.

"पाहिलंय."

बोलली धाकटी. गर्दीच्या मागे उभी होती. तिचा आवाज अर्ध्या माळाने पहिल्यांदा ऐकला.

"अगं, तू घरी जा," दीर म्हणाले.

"घरूनच येतेय. यांनी पाहिलंय. दगडावर बसून तिन्ही ओळी संपेपर्यंत पाहिलंय. घरी आले ते खुरपं माझ्या हातात देतच. म्हणाले, खोल खण. मी म्हटलं, शेंगा धरल्यात, आता कशाला. म्हणाले, तुला काय कळतं, तिकडे चाललंय. तुटलेल्या आऱ्या मुठीत घेऊन दाखवल्या यांना, तरी म्हणाले खण. अख्खं शेत मी खणलं. हे छत्रीत होते."

"धाकटे..." काकू म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा, जाऊबाई. तुम्हाला वाचवायला बोलत नाहीये मी. दोरे तुटताना मला हाताला कळत होतं. तुम्हालाही कळलं असणार. तुमची खिडकी उघडी होती. मी वर बघितलं तर तुम्ही दिसलात. परत बघितलं तर खिडकी लावलेली." तिने श्वास घेतला. "दोघांनी मिळून माझी पाठ मोडलीत. आणि शेंगा एकाच्याच घरात. टाका हो ताई तुमची काठी. खरं आहे ते खरं आहे."

कैची उघडी राहिली होती. मिटेना आणि चालेनाही.

काठी परत पडली, ती मधे. झाडं उपटली तेव्हा मातीसकट शेंगांचे घोस वर आले. शेतीताईने एक शेंग फोडून दाणे तळहातावर घेतले, टपोरे, लाल सालीचे. वजन केलं, परत केलं. मग दोरी गुंडाळत म्हणाली, "शेत पास. माणसं नापास."

मुलाने टेम्पोचं फळकूट वर करून कडी लावली. "पाणी देतेस का आता?" त्याने विचारलं.

काकूंनी दिलं. पण त्या दिवशी मुलाला एकही टोमणा ऐकायला मिळाला नाही. जाताना तो काळजीतच गेला, आईला बरं नाही की काय म्हणून.

पेरणीचे दिवस परत जवळ आले तेव्हा दिरांच्या आढ्याला रिकामी पिशवी लोंबत होती. मागायला ते येणार नव्हते. काकूंनी आपल्या शेंगांतल्या टपोऱ्या टपोऱ्या निवडल्या, पोतं भरलं, बांधावर नेऊन पलीकडे लोटलं आणि म्हणाल्या, "ए बये, किती वेंधळी गं तू. पोतं पाडलंस बघ पलीकडे. आता मी म्हातारी कुठे आणायला जाऊ?"

धाकटी आली. तिने पोत्याचं तोंड सोडलं, आत कोपरापर्यंत हात घालून तळातल्या शेंगा वर काढल्या, एक फोडली, दाणा दाताखाली धरला. सगळं काकूंच्या डोळ्यांदेखत, सावकाश.

"पत्र्यावर भाजलेल्या नाहीत ना?"

"खाऊन बघितलीस ना आता?"

"बघितली. तरी विचारते."

"नाहीत."

पोतं खांद्यावर घेऊन ती गेली. आभार मानले नाहीत. काकूंनी अपेक्षाही केली नव्हती. उलट आभार मानले असते तर त्यांना रात्रभर टोचलं असतं.

पुढच्या हंगामात माळाने एक नवीन दृश्य पाहिलं. काकू शेतात काही करू लागल्या की धाकटी बांध ओलांडायची, सरळ त्यांच्या शेताच्या मधोमध जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"ए बये," काकू म्हणाल्या, "हिला सांग, बघायचं तर बांधावरून बघ. सगळे तिथूनच बघतात."

"बकरीला सांगा, मी इथूनच बघणार. बांधाकडच्या ओळींचं मला काही सांगू नका."

"ए बये, हिला म्हणावं, पाय ओळीवर पडतोय."

धाकटीने पाय उचलून सरीत ठेवला. जागची हलली नाही.

आऱ्या सुटल्या तशी काकूंनी पिंप आणलं. धाकटी पुढे झाली. "रिकामं आहे ना? वाजवून दाखवा."

काकूंच्या ओठावर निदान तीन वाक्यं येऊन थांबली असतील. त्यांनी ती गिळली, वाकल्या आणि पिंपावर मूठ आपटली. पोकळ, मोठा आवाज माळभर गेला.

बांधापलीकडे दीर दगडावर नव्हते. ते आपल्या शेतात ओणवे होऊन हाताने तण उपटत होते आणि मान वर करून सवयीने म्हणाले, "अगं, ऐकलंस का? कुठेतरी पत्रा वाजतोय."

"ऐकतेय," धाकटी इकडून म्हणाली. "तुम्ही हात चालवा."